चाक टेकण्याआधी

माणसं मी पायांवरून ओळखतो. यात बढाई काही नाही. उभा जन्म गाड्यांखाली उताणा पडून काढलेल्या माणसाला दुसरं दिसणार तरी काय? कातडी वहाणा करकरत आल्या की बागाईतदार, काळे बूट आले की सरकारी साहेब, आणि अनवाणी पाय आले की समजायचं, आता पाना हातात द्यायला माणूस मिळाला. पाय सारखे जागा बदलायला लागले की वरून सल्ला येणार हे नक्की. आणि तो यायचाच.

दुकान मी कधी टाकलं नाही. जालना जिल्हा नवा झाला त्या सुमाराला उस्तादांचं गॅरेज सोडून मी भोकरदनला आलो, आणि कॅनव्हासच्या पिशवीत पाने भरून लोकांच्या दारी जाऊन जिपा दुरुस्त करू लागलो. आसपासच्या गावांत तेव्हा जिपा मोजक्याच. बहुतेक लष्कराच्या लिलावातून आलेल्या, एकीच्या अंगावर तर हिरव्या रंगाखाली जुना नंबर वाचता यायचा. रस्ते काळ्या मातीचे. पावसाळ्यात चिखल, आणि उन्हाळ्यात त्याच चिखलाच्या वाळून दगड झालेल्या चाकोऱ्या. अशा रस्त्यांनी गाड्यांची हाडं खिळखिळी व्हायची आणि त्यावर माझं घर चालायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. पुढे रबरी बुशांच्या नव्या जिपा आल्या तेव्हाचे एक मास्तर. त्यांना कुणीतरी सांगितलं की रबर कोरडं पडलं की तडकतं. झालं. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आले की वाटीत उरलेलं तेल ते जिपेच्या बुशांना पाजायचे. वर्षभरात ती रबरं अशी फुगली की भज्यांसारखी बाहेर आली. मी म्हणालो, "मास्तर, हे काय केलं?" तर म्हणाले, "श्रद्धेनं केलं." यावर मिस्त्री काय बोलणार? दुसऱ्या एकाने ट्रकच्या जुन्या टायरमधून विळ्याने बूश कापून आणले होते. ते दोन दिवससुद्धा टिकणार नव्हते, पण ते कापताना त्याच्या बोटांना आलेले फोड बघून मी गुपचूप बसवून दिले.

बूश म्हणजे काय ते आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिपेच्या चाकांच्या वर लोखंडी पट्ट्यांची एक जुडी असते, तिला आम्ही पाटा म्हणतो. खड्डा आला की पाटा वाकतो आणि सरळ होतो, म्हणून आत बसलेल्याचे दात जागेवर राहतात. पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळा असतो. त्या डोळ्यातून जाड बोल्ट घालून पाटा गाडीच्या सांगाड्याला जोडतात. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून डोळ्यात जी नळी बसवतात, ती बूश. ती झिजली की गाडी खडखडते, हात सोडला की भलतीकडे जाते, आणि मालक म्हणतो, "मिस्त्री, गाडीला वारं लागलंय."

जुन्या जिपांत हा बूश धातूचा असायचा. बोल्ट त्यात फिरायचा, वरून ग्रीस मारायचं, संपलं काम. माझे उस्ताद जुन्या जालन्याचे. त्यांच्याकडे मी आठ वर्षं होतो. हात सोन्याचा आणि जीभ तिखट. गाडी जॅकवर उचलून सांगाड्याखाली बाभळीचे ओंडके लावले की चाकं अधांतरी लोंबायची, आणि मग उस्तादांचा एकच हुकूम असायचा. "मियाँ, चक्का जमीन कू लगने के पैले हर नट कस को होना." चाक टेकण्याआधी प्रत्येक नट आवळलेला पाहिजे. ढिल्या नटावर गाडी जमिनीला टेकवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने पापच. एकदा माझ्याकडून एक नट राहिला तर त्यांनी मला दोन दिवस पान्याला हात लावू दिला नव्हता.

गिऱ्हाइकांनाही हा नियम इतका पटला की त्याची एक रीतच झाली. चाकं जमिनीला टेकली की मालकाने पुढच्या चाकासमोर नारळ फोडायचा. फुटलेल्या नारळाची पहिली कवड मिस्त्रीची. उस्ताद ती कवड कपाळाला लावून मुलांना वाटायचे. मी भोकरदनला आलो तेव्हा नियमही आणला आणि रीतही आणली. कवड मात्र मी घरी न्यायचो. आमच्या घरी खोबरं विकत आणल्याचं मला आठवत नाही.

केदारखेड्याचे तात्या हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मोसंबीची मोठी बाग, मोठा वाडा नव्हे पण मोठं अंगण, आणि अंगणात कडुनिंबाखाली जीप. त्यांची लिलावातली जीप मी दहा वर्षं चालती ठेवली. ती पुरतीच थकली तेव्हा नव्वदच्या आगेमागे त्यांनी नवी कोरी जीप घेतली. तिच्यावर डायव्हर म्हणून कोंडिबाला ठेवलं.

कोंडिबा पिंपळगाव रेणुकाईचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याच्या बापाचा उन्हाळा अर्धा डोंगरात आणि अर्धा कुणाच्या तरी वावरात खतासाठी मेंढरं बसवण्यात जायचा. त्या घरात स्टिअरिंग हातात घेणारा कोंडिबा पहिला. लायसन आलं त्या दिवशी म्हणे बापाने ते घोंगडीत गुंडाळून वस्तीवर घरोघर दाखवलं होतं. कोंडिबा पंचविशीचा, बोलायला कमी आणि पायात कधी काही नाही. मी गाडीखाली असलो की ते अनवाणी पाय कडेला येऊन उभे राहायचे, आणि मी हात बाहेर काढला की नेमका हवा तोच पाना हातात यायचा. सल्ला कधी नाही.

नव्या जिपेत बूश रबराचे होते. आत एक पोलादी नळी, तिच्याभोवती रबर. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. बूश तो बूश. दोन वर्षांनी ते झिजले, तेव्हा मी तात्यांच्या अंगणात गाडी उचलली, ओंडके लावले, जुनी रबरं ठोकून काढली, साबणाच्या पाण्यात बुडवून नवी दाबून बसवली. पान्याला लोखंडी नळी लावून सगळे नट मरणाचे आवळले, मग जॅक सोडला. चाकं टेकली. नारळ फुटला. कवड घेऊन मी घरी आलो.

चार महिन्यांनी तात्यांचा निरोप, गाडी खडखडते. जाऊन पहार घालून पाटा हलवला तर बूश चिंध्या झालेले. बूशच खराब निघाले असतील म्हणून दुसऱ्या दुकानातून आणून बसवले. पुन्हा नारळ, पुन्हा कवड. हे तीन महिन्यांत गेले.

तिसऱ्या खेपेला मी काम संपवून हात पुसत होतो. नारळ फुटला होता. तात्या खाटेवर बसले होते, शेजारपाजारचे दोघंचौघं उभे होते. तात्या म्हणाले, "मिस्त्री, आधीच्या गाडीला दहा वर्सं काय झालं न्हाई. ह्या गाडीला दर तीन-चार महिन्याला कामून? बूश खराब का तुमचं काम खराब?"

थट्टेतच विचारलं होतं. पण चार माणसांत विचारलं. माझ्या कामाबद्दल असं कुणी कधी विचारलं नव्हतं. 'माहीत नाही, बघतो,' हे तीन शब्द मिस्त्रीच्या तोंडून निघत नाहीत. मी बेधडक बोलून गेलो, "बूश बराबर, काम बराबर. गाडी चालवणाऱ्याचा हात जड हाय, तात्या. चाकोरीत गाडी आपटली की रबर काय करणार?"

कोंडिबा चाकाजवळच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तात्यांकडे. म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू का? तुमी गाडी खाली सोडून राह्यले व्हते तव्हा मी वाकून बघत व्हतो. चाक टेकलं तसं ते रबर पिळल्यावानी झालं. नट ढिल्ले ठिवून, गाडी टेकवून, मंग कसले तर?"

त्याने मला उत्तर दिलं होतं. चूक दाखवली नव्हती, नुसतं विचारलं होतं. आणि मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "तुझ्या बापानं मेंढरं राखली, कोंडिबा. माझ्या उस्तादानं जिपा उभ्या केल्या. तू मला नट कसायचं शिकवून राह्यला का?"

सगळे हसले. तात्याही हसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "किल्ली दे." कोंडिबाने किल्ली दिली. काच पुसायचं फडकं त्याच्या खांद्यावर असायचं, ते त्याने काढलं, नीट घडी करून सीटवर ठेवलं आणि तो अंगणाबाहेर गेला. मी कवड पिशवीत टाकली.

त्या काळी खेड्यात मिस्त्रीचा शब्द म्हणजे डॉक्टरच्या रिपोर्टासारखा. आठ दिवसांत चार गावांत झालं, कोंडिबाचा हात जड आहे. पुढे त्याला ना जीप मिळाली ना ट्रॅक्टर.

पंधरा दिवसांनी सकाळी माझ्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. पिंपळगावहून चालत आलेला. कोंडिबाचा बाप. मी बस म्हणालो तर बसला नाही. माझ्या बायकोने चहा आणला, तो त्याने घेतला नाही.

म्हणाला, "मिस्त्री, एकच इचाराया आलोय. पोरगं म्हंतं त्याच्या हातानं मोडली न्हाई. तुमी जानकार. खरं सांगा, त्याच्याच हातानं मोडली का?"

तेव्हा मला खरं माहीत नव्हतं, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगता येईल. पण खोटंही माहीत नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "हो, मामा. त्याच्याच हातानं."

म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "तुमी म्हंता म्हंजी तसंच आसंल," म्हणाला आणि गेला. पोराच्या शब्दावर त्याने माझा शब्द ठेवला होता. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. उलट थोडं बरंच वाटलं असेल.

तात्यांनी नवा डायव्हर ठेवला, शहरात गाडी चालवलेला, सावकाश चालवणारा. तीन महिन्यांत बूश फाटले. तात्यांनी निरोप पाठवला, कोंडिबानं खिळखिळी केलेली गाडी आजून खडखडते, आणि मी पायात काटा गेल्याचं निमित्त सांगून आठ दिवस गेलो नाही. मनात किडा वळवळायला लागला होता.

त्याच आठवड्यात मेहुण्याकडे काम निघालं म्हणून वडीगोद्रीला गेलो होतो. परतीच्या एसटीला वेळ होता. रस्त्याच्या कडेला एका गॅरेजपुढे जीप उचललेली दिसली, आणि मिस्त्री माणूस दुसऱ्याच्या गाडीखाली डोकावल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. पाट्याचे बूश बदलत होते. माझ्यापेक्षा वयाने लहान मिस्त्री. त्याने नट नुसते बोटांनी लावले आणि जॅक सोडायला घेतला.

माझ्याच्याने राहवेना. "अहो, नट ढिल्ले हायेत!"

"ढिल्लेच पायजेत, काका," तो म्हणाला. गाडी चाकांवर उतरली. त्याने बंपर धरून ती तीन-चारदा वर-खाली हलवली, मग आडवा होऊन खाली शिरला आणि आता कुठे नट आवळायला लागला. आवळता आवळता मला समजावत होता, जणू मी रस्त्यावरचा कुणी रिकामटेकडा. "धातूच्या बुशात बोल्ट फिरतो. रबरात काय फिरत न्हाई. आतली नळी नटानं पक्की व्हती, भाईरून डोळा पक्का, मधी रबर. पाटा हलला की रबर पिळतं अन् परत येतं. चाक लोंबत असताना कसलं, तर रबर त्याच जागी पक्कं. गाडी खाली टेकवली की आधीच पिळलेलं. वरून खड्डा. कितीक दिस टिकंल?"

मान वाकडी करून झोपलेल्या माणसाला तशाच मानेने दिवसभर काम करायला लावावं, तसं मी त्या रबराला करत होतो. मी विचारलं, "अन् आधी कसलं तर?"

तो खालूनच हसला. "तर दोन-तीन महिन्यात बूश फाटतो, अन् मिस्त्री डायव्हरला शिव्या देतो."

एसटी आली आणि गेली. मी तिथेच रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिलो. कोंडिबा नट कसायला शिकला नव्हता, त्याला उस्ताद नव्हता. त्याने नुसतं वाकून बघितलं होतं. मी एवढी वर्षं गाडीखाली पडून जे बघितलं नाही ते त्याने अंगणात उभं राहून बघितलं. उस्तादांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात रबराचा बूश कधी आलाच नाही. त्यांनी धातूसाठी सांगितलेलं मी रबराला लावलं, आणि डोळे बंद ठेवले.

दुसऱ्या दिवशी केदारखेड्याला गेलो. नवे बूश घातले, नट बोटांनी लावले, गाडी चाकांवर उतरवली, आणि मग खाली शिरून आवळले. तात्यांनी विचारलं, "आज उलटंच?" मी म्हणालो, "नवीन पद्धत आली." एवढंच. नारळ फुटला. कवड घेतली.

ते बूश दोन वर्षं झाली तरी शाबूत होते. एकदा जालन्याच्या मोंढ्यात तात्या भेटले, सोबत चार व्यापारी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्या माणसाला म्हंतात मिस्त्री. डायव्हर बदला म्हन्ले, बदलला, अन् गाडी बिलकुल सुधारली. माणूस बघून गाडीचं दुखणं सांगतो!"

मला तिथेच बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. मी हसलो आणि म्हणालो, "तुमची मेहेरबानी, तात्या."

माझी खरी चूक ही. नट चाक टेकण्याआधी आवळले ते अज्ञान होतं, ते माफ होण्यासारखं आहे. कोंडिबाला चार लोकांत बोललो तो उर्मटपणा, त्यालाही कदाचित माफी असेल. पण कळल्यावरसुद्धा मी गप्प राहिलो, आणि माझं दुरुस्त झालेलं काम त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू दिलं. मनाला सांगायचो, उस्तादांचं नाव खराब होईल. उस्ताद तेव्हा हयातही नव्हते, आणि असते तर त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती. खरं कारण एवढंच की चार गावांत माझ्या शब्दाला जे वजन होतं ते मला सोडवत नव्हतं. नंतर पिंपळगावची कामं आली की मी काहीतरी कारण काढून टाळायचो. कोंडिबा मेंढरांमागे आहे असं कळायचं. मग रस्त्याच्या कामावर खडी उचलतो असं कळलं. विषय निघाला की मी दुसरंच बोलायचो.

अशी अकरा वर्षं गेली. माझे गुडघे गेले, गाडीखाली शिरणं बंद झालं, पिशवी खुंटीला लागली. तात्या वारले. दहाव्याला मी केदारखेड्याला गेलो. विधी उरकल्यावर माणसं कडुनिंबाखाली बसली, तात्यांच्या आठवणी निघाल्या, आणि तात्यांचा मुलगा माझ्याकडे बोट करून नव्या जावयाला सांगायला लागला, "हे मिस्त्री. आमच्याकडं एक कोंडिबा म्हणून डायव्हर व्हता, दर दोन-तीन महिन्याला गाडी मोडायचा. ह्यांनी बराबर पकडला." लोक हसले. अकरा वर्षांपूर्वीचंच हसू, त्याच झाडाखाली. गोष्ट आता माझ्याशिवाय चालायला लागली होती. मी मेल्यावरही चालली असती. आणि ज्या तात्यांना सांगायला हवं होतं ते तर गेलेच होते.

मी तिथेच म्हणालो, "तसं नव्हतं ते. चूक माझी व्हती." मुलगा म्हणाला, "मिस्त्रीकाका, मोठा माणूस आपल्यावर घेतो." कुणालाच ते खरं वाटलं नाही. माझा शब्द एकदा चालला होता, दुसऱ्यांदा चालेना.

त्यानंतर चौथ्या दिवशी एसटी धरून पिंपळगावला गेलो. रेणुकाईच्या देवळाच्या मागे, वस्तीच्या टोकाला घर आहे असं कळलं. अंगणात एक जुनाट जीप उभी होती, दोन रंगांची, दाराच्या जागी ताडपत्री. चाकांवर उभी होती. तिच्याखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते.

मी ते पाय ओळखले. टाचांना भेगा पडल्या होत्या, पण तेच. आयुष्यात पहिल्यांदा मी वर उभा होतो आणि खाली दुसरं कुणीतरी होतं. शेजारी घमेल्यात साबणाचं पाणी, पाण्याजवळ फाटलेली जुनी रबरं, आणि दूर सारलेले बाभळीचे ओंडके. गाडी टेकवून तो नट आवळत होता.

"कोन हाय?" त्याने खालून विचारलं. माझ्या वहाणांवरून त्याला कळलं नसावं.

"मी. भोकरदनचा मिस्त्री."

पान्याचा आवाज थांबला. मग तो सरकत बाहेर आला, उठला, हात पुसले. केस अकाली पांढरे झाले होते. "या," म्हणाला. बायकोला हाक मारून त्याने पाणी आणवलं.

मी पाणी हातात धरूनच सांगितलं. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. "कोंडिबा, गाडी तू मोडली नव्हती. मी मोडली व्हती. तू म्हन्ला तेच बराबर व्हतं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कवा कळलं तुला?"

"मला त्याच दिशी. तुमाला कवा कळलं?"

मी म्हणालो, "चार महिन्यांनी."

तो जिपेला टेकला. माझ्याकडे बघत राहिला. तो मनात वर्षं मोजतोय हे मला दिसत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. आत बा हाय. त्याला सांगा. ही गाडी घेऊन मला तीन वर्सं झाली, आजून एकदा बसला न्हाई त्यो हिच्यात. बाजाराला एसटीनं जातो, न्हाईतर चालत. म्हंतो, मिस्त्रीनं मला तोंडानं सांगितलंय, तुझा हात जड हाय." मग म्हणाला, "जोरात सांगा. ऐकू कमी येतं."

म्हातारा पडवीत घोंगडीवर बसला होता. पार वाळला होता. मी त्याच्यासमोर बसलो, गुडघे कुरकुरले. "मामा, मी भोकरदनचा मिस्त्री!"

"कोन?"

"मिस्त्री! जिपेचा!"

"हां," तो म्हणाला.

"पोरानं गाडी मोडली नव्हती, मामा! मी तुमाला चुकीचं सांगितलं! गाडी माझ्या हातानं मोडली!"

"काय म्हन्ले?"

मी आणखी जोरात सांगितलं. शेजारच्या घरातली बाई कुडावरून डोकावली. रस्त्याने जाणारे दोघे थांबले. म्हाताऱ्याने कानाला हात लावून पुन्हा विचारलं, आणि मी तिसऱ्यांदा, घसा फोडून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलो, "गाडी मी मोडली! कोंडिबाचा हात जड नव्हता!" मला अजून वाटतं, म्हाताऱ्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

तो उठला. भिंतीला धरून उठला, खुंटीवरचं पागोटं काढून डोक्याला गुंडाळलं, घोंगडी खांद्यावर टाकली. माझ्याकडे बघितलं नाही. अंगणात येऊन पोराला म्हणाला, "गाडी तयार हाय का?"

"एक नट ऱ्हायलाय, बा."

"मंग कस."

मी सवयीने पान्याकडे हात नेला. कोंडिबा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. मी कसतो." तो खाली शिरला. मी उभा राहून त्या पायांकडे बघत होतो. नट आवळून तो बाहेर आला, बायकोने नारळ दिला, त्याने पुढच्या चाकासमोर फोडला. पहिली कवड त्याने बापाच्या हातात ठेवली. दुसरी बायकोने फोडून तुकडे केले, आणि दारी आलेल्या पाहुण्याला देतात तसा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

कोंडिबाने बापाला दोन्ही हातांनी उचलून पुढच्या सीटवर बसवलं. जीप अंगणातून निघाली. दाराशीच सांडपाण्याची नाली होती, चांगली हातभर खोल. पुढचं चाक तिच्यात उतरलं आणि चढलं, मग मागचं उतरलं आणि चढलं. म्हातारा एका हातात कवड धरून बसला होता आणि त्याचं पागोटं हललंसुद्धा नाही. मग माझ्या लक्षात आलं की कोंडिबाला गाडी चालवताना मी आज पहिल्यांदाच बघतोय. हात जड म्हणालो तेव्हासुद्धा मी एकदाही त्याच्या शेजारी बसलो नव्हतो.

जीप देवळाच्या बाजूला वळली. ती परत येईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण कुणी थांबा म्हणालं नव्हतं. खोबऱ्याचा तुकडा हातात तसाच धरून मी चालत एसटीच्या थांब्यावर आलो.